पुढे गेलेला शिधा

शेडच्या भिंतीला टेकून बादल्यांच्या रांगा लागल्या आहेत. पांढऱ्या, निळ्या आणि होम डेपोच्या दुकानातल्या त्या भडक केशरी. आपल्याकडे घराला रंग दिल्यावर रिकामी झालेली जी बादली न्हाणीघरात येते आणि पुढे पंधरा वर्षं हटत नाही, तशीच ही. एकोणीस लिटरची, घट्ट झाकणाची. प्रत्येकीवर जाड मार्करने एक नाव आणि एक तारीख. ही तारीख बादली पाठवल्याची नव्हे, तिचा मालक डोंगरातून चालत येऊन ती घेऊन जाईल त्या दिवसाची.

ठिकाण म्यूर ट्रेल रँच. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत, मोटाररस्ता संपतो तिथून पुढे एक तलाव आणि सात-आठ किलोमीटर पायवाट ओलांडल्यावर हे येतं. ऑगस्टची सकाळ. सनीव्हेलहून आलेलं एक मराठी जोडपं आपापल्या बादलीपुढे मांडी घालून बसलं आहे. तो मूळचा नाशिकचा, ती सांगलीची. दहा रात्री तंबूत काढून आज अकराव्या दिवशी इथे पोचलेले. त्याने झाकण उचकटलं, आत डोकावला, आणि दोन-चार पाकिटं वर काढून गप्पच बसला.

"ओट्स? नऊच्या नऊ दिवस ओट्स? हे कोणी भरलं?"

"तूच," ती तिच्या बादलीतून मान वर न करता म्हणाली. "मी म्हटलं होतं."

जुलैच्या सुरुवातीला सनीव्हेलच्या स्वयंपाकघरात ओट्स भरणारा माणूस आणि आज इथे ते पाहून वैतागलेला माणूस, कागदोपत्री एकच. पण मधल्या दहा दिवसांत त्याची जीभ आणि पोट दोन्ही बदलली आहेत. लांबच्या रानवाटेवर जेवणाची सोय करणं म्हणजे अशा एका माणसाची भूक ओळखणं, जो अजून जन्मालाच आलेला नाही. या अंकाचा विषय 'शिदोरी' ठरल्यावर या बादल्यांपर्यंत यावं लागलं ते त्यामुळेच. पाठीवर बांधून घ्यायची शिदोरी आपल्याला ठाऊक आहे. इथली शिदोरी पुढे जाऊन वाट बघत बसते.

रस्ता नसलेला मुलूख

जॉन म्यूर ट्रेल योसेमिटीच्या दरीतून निघते आणि ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीच्या माथ्यावर संपते. अंतर २११ मैल, म्हणजे ३४० किलोमीटर; माथ्यावरून खाली गाडीरस्त्यापर्यंत उतरायचे आणखी अठरा वेगळेच. निसर्गवादी लेखक जॉन म्यूर १९१४च्या डिसेंबरमध्ये वारला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने दहा हजार डॉलर मंजूर केले आणि त्याच्या नावाची वाट बांधायला सुरुवात झाली. ती पुरी व्हायला १९३८ उजाडलं. बहुतेक लोक ती तीन आठवड्यांत चालतात.

अंतर मोठं आहे, पण खरी अडचण अंतराची नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर लाखो लोक चालतात आणि जेवणाचा घोर कोणाला नसतो. दिंडीचा ट्रक तंबू, धान्य आणि भांडी घेऊन पुढे जातो. वारकरी मुक्कामी पोचेपर्यंत भात शिजलेला असतो. नर्मदेच्या परिक्रमेत आश्रमा-आश्रमात सदावर्त चालतं, कोरा शिधा मिळतो. या वाटांना गावं आहेत. सिएरामध्ये उत्तरेच्या टायोगा खिंडीतून एक डांबरी रस्ता पर्वताचा कणा ओलांडतो. त्याच्या दक्षिणेला थेट शर्मन खिंडीपर्यंत दुसरा एकही मोटाररस्ता कणा ओलांडून जात नाही. म्यूर ट्रेल जवळजवळ सगळी याच पट्ट्यात आहे. त्यातच १९६४ सालचा विल्डरनेस कायदा. त्याने राखलेल्या रानात रस्ता नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. वाटेवर पडलेली झाडं कापायलाही सहसा दोन माणसांनी ओढायची जुनी करवतच वापरतात. तिथे ट्रक कुठून येणार?

म्हणून मग वाटेच्या जवळपास जिथे जिथे मोटार, होडी नाहीतर खेचर पोचतं, तिथे तिथे लोक आपला शिधा आधी पाठवून ठेवतात. उत्तरेकडून निघालेल्याला पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ट्वालमी मेडोज लागतं. साधारण शंभर किलोमीटरवर रेड्स मेडो. तिथे बस येते, छोटं दुकान आणि कॅफे आहे. त्यापुढे एडिसन तलावाकाठचं व्हर्मिलियन व्हॅली रिसॉर्ट, जिथे वाटेवरून होडीने जाता येतं, तलावात पाणी असेल तर. दुष्काळी वर्षी तलाव आटतो, होडी चालत नाही, आणि पाय असतातच. मग अर्ध्या वाटेच्या जरासं पुढे म्यूर ट्रेल रँच. आणि त्यानंतर व्हिटनीपर्यंत वाटेवर काहीही नाही. दीडशेहून अधिक किलोमीटर. जोडप्याच्या हिशेबात नऊ दिवस.

जेवणाच्या टेबलावरचं गणित

बादलीची गोष्ट सुरू होते ती मात्र जेवणाच्या टेबलावर. सनीव्हेलच्या त्या घरात जूनपासून टेबलावर कोणी जेवलेलं नव्हतं. एका टोकाला फळं-भाज्या वाळवायचं विजेचं यंत्र रात्रंदिवस घुरघुरत होतं, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरातला वजनकाटा, मध्ये झिपलॉकच्या पिशव्यांची चळत.

गणित वरवर सोपं आहे. सॅक पाठीवर घेऊन रोज वीस किलोमीटर आणि हजारभर मीटरची चढ-उतार करणारा माणूस दिवसाला साडेतीन-चार हजार कॅलरी सहज जाळतो. त्या कमीत कमी वजनात न्यायच्या. लांब चालणाऱ्या अमेरिकन मंडळींचा ठोकताळा माणशी दिवसाला पावणेदोन ते दोन पौंड, म्हणजे आठशे-नऊशे ग्रॅम. एवढ्या वजनात कॅलरी बसवायच्या तर ग्रॅममागे साडेचारच्या आसपास पडल्या पाहिजेत. पीठ, साखर, तांदूळ यांत ग्रॅमला चारदेखील पुऱ्या पडत नाहीत. स्निग्ध पदार्थात पडतात नऊ. म्हणून तिथली माणसं पीनट बटरच्या बरण्या आणि ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या घेऊन डोंगर चढतात, आणि बटाट्याच्या झटपट भुकटीत तेलाची धार सोडतात. मराठी घराला याचं उत्तर शोधावं लागत नाही. शंभर ग्रॅम तूप, नऊशे कॅलरी. शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचा लाडू, बेसनाचा लाडू, सगळे या परीक्षेत वरच्या वर्गात पास.

दुसरी अडचण पाण्याची. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंशाने. मुक्काम तीन हजार तीनशे मीटरवर असेल तर पाणी नव्वदच्याही खाली खदखदायला लागतं, आणि तुरीची डाळ गॅस संपेपर्यंत शिजत नाही. कुकर पाठीवर नेणारा माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. तेव्हा डाळ घरीच कुकरला मऊ करायची, ताटलीत पातळ पसरायची, यंत्रात रात्रभर वाळवायची आणि कडक पापुद्रे मिक्सरमधून काढायचे. डोंगरात त्यावर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवलं की पाव तासात वरण. खरा विजेता मात्र पिठलं. बेसन आधीच तेलावर, तिखट-मीठ-जिरं घालून भाजून नेलं की दोन मिनिटांत होतं, आणि ती भुकटी जागाही खात नाही.

जागा. इथे नवऱ्याची आई गणितात शिरली. सहा महिन्यांसाठी नाशिकहून आलेल्या या बाई आठवडाभर लांबून बघत होत्या. मग एके दिवशी त्यांनी चकल्या तळल्या. सुनेने त्या पाहिल्या आणि तिचा चेहरा पडला.

"आई, छान झाल्यात. पण ह्या डब्यात बसायच्या नाहीत. चकलीत मधे नुसती हवा असते."

"मग?"

"कुटून घ्याव्या लागतील."

सासूबाईंनी चष्मा वर केला. "कुटायच्याच होत्या, तर मी वेटोळी कशाला घालत बसले?"

चकल्या अखेर खलबत्त्यात गेल्या. बाईंनी स्वतः कुटल्या. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

अस्वलाचा डबा

हवेचा एवढा तिटकारा का, ते समजायला अस्वलाकडे जावं लागतं.

कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे. राज्यातून मात्र तो शंभर वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. सिएरात उरलंय ते काळं अस्वल, अंगाने लहान, डोक्याने फार हुशार. योसेमिटीत १९४०पर्यंत पर्यटकांच्या करमणुकीसाठी अस्वलांना उघड्यावर कचरा खाऊ घालण्याचे कार्यक्रम होत, बसायला बाकांसकट. ते बंद झाले, पण पिढ्यान्पिढ्या अस्वलांना एक गोष्ट कळून चुकली होती: माणूस म्हणजे जेवण. १९९८ साली या एका उद्यानात अस्वलांनी केलेल्या नुकसानीच्या पंधराशेहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. त्यांनी मोटारींची दारं पत्र्याच्या डब्यासारखी वाकवली होती. रानात लोक अन्नाची पिशवी दोरीने फांदीवर टांगत. तिथेही मोठ्या अस्वलाला न पेलणाऱ्या फांदीवर पिल्लू जायला शिकलं.

उपाय निघाला तो डबा. अस्वलाच्या जबड्यात मावणार नाही इतका जाड, नखाला कुठे खाच मिळणार नाही इतका गुळगुळीत, कडक प्लॅस्टिकचा, उभ्या पिंपासारखा. म्यूर ट्रेलच्या मोठ्या भागात तो कायद्याने सक्तीचा आहे. रात्री तो तंबूपासून तीस-चाळीस पावलं लांब जमिनीवर नुसता ठेवून द्यायचा. बांधायचा नाही, बांधला तर अस्वलाला ओढायला दोरी मिळते. अस्वल येतं, लाथाडतं, गडगडवतं, कंटाळतं. असे डबे बाजारात येण्याआधी त्यांची परीक्षा मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोन गावी होते. तिथल्या केंद्रात पाळलेल्या ग्रिझलींपुढे आत खाऊ भरलेला डबा टाकतात. अस्वलाने तासभर झटापट करूनही तो उघडला नाही तर पास. तरीही न्यूयॉर्क राज्यातल्या एडिरॉन्डॅक डोंगरात, दोन्ही कानांतल्या पिवळ्या बिल्ल्यांमुळे 'यलो-यलो' नाव पडलेल्या एका मादीने एका कंपनीच्या डब्याचं झाकण उघडण्याची युक्ती शोधून काढलीच. कंपनीने झाकणाची रचना बदलली. नव्या झाकणालाही तिने हरवलं.

या डब्यातला लोकप्रिय मोठा आकार साडेअकरा लिटरचा, रिकाम्याचंच वजन एक किलोहून जास्त. आता जोडप्याचं गणित पाहा. नऊ दिवस, माणशी एक डबा. म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वा लिटर. त्यातच टूथपेस्ट, सनस्क्रीन आणि ओठांचा मलम, कारण अस्वलाच्या नाकाला पुदिना आणि लाडू सारखेच. डब्याची कंपनी सात दिवसांच्या जेवणाचं सांगते. उरलेले दोन दिवस म्हणजे कुटलेली चकली, दाबून वीट केलेली कणीक-गुळाची वडी आणि पाकिटाच्या कोपऱ्याला टाचणीने भोक पाडून काढलेली हवा. सेकोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांच्या हद्दीत काही मुक्कामांवर लोखंडी पेट्या बसवल्या आहेत, जास्तीचं तिथे ठेवता येतं. पण त्या दिवशी तिथवर पाय पोचले पाहिजेत.

ज्यांना हा खेळ नको असतो ते किअरसार्ज खिंडीतून बाहेर पडतात. जवळपास छत्तीसशे मीटर उंचीची ती खिंड ओलांडून ऑनियन व्हॅलीत उतरायचं. नावात कांदा असला तरी तिथे कांदाही मिळत नाही, नुसता रस्त्याचा शेवट आणि कॅम्पग्राउंड. तिथून कोणाच्या तरी गाडीत बसून इंडिपेंडन्स गावी जायचं, खायचं, भरायचं, आणि तीच खिंड पुन्हा चढून वाटेवर परत. जाऊन-येऊन दीड-दोन दिवस. पैसे असतील तर खेचरवाला पॅकर ठरवता येतो. एका खेचरावर सत्तरेक किलो लादतात. ठरल्या दिवशी ठरल्या तळ्यापाशी तो आणि आपण, दोघं पोचलो तर भेट.

बादलीचा प्रवास

बादल्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सनीव्हेलच्या पोस्टातून निघाल्या. काउंटरवरच्या माणसाला त्यात काही नवल वाटलं नाही. उन्हाळ्यात तो रोज दोन-तीन घेतो. पत्ता लेकशोरचा, हंटिंग्टन तलावाजवळच्या छोट्या पोस्टाचा. तिथून रँचची माणसं त्या उचलतात, एकाच गाडीपुरत्या अरुंद कायझर खिंडीच्या रस्त्याने फ्लॉरेन्स तलावापर्यंत नेतात, होडीत चढवतात, आणि पैलतीरावरून गाडीने नाहीतर जनावरांच्या पाठीवर रँचपर्यंत. म्हणूनच निदान तीन आठवडे आधी पाठवा म्हणतात. कागदी खोका चालत नाही. शेडमधल्या उंदरांना तो एका रात्रीचं काम. बादली सांभाळण्याची फी आणि टपालखर्च मिळून आतल्या मालाच्या किमतीला सहज गाठतात. हे पैसे पिठल्याचे नाहीत, त्या होडीचे आणि खेचराचे आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की वाद उरत नाही.

एक वस्तू बादलीत घालता येत नाही: गॅस. स्टोव्हची छोटी सिलिंडरं विमानाने जाऊ शकत नाहीत. टपालाने पाठवायची तर फक्त जमिनीवरून, वेगळं लेबल लावून. म्हणून ती जागेवरच विकत घ्यायची. लेखिका शेरिल स्ट्रेड १९९५ साली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर निघाली तेव्हा स्टोव्हमध्ये चुकीचं इंधन भरून निघाली होती. स्टोव्ह बिघडला आणि सुरुवातीचे दिवस थंडगार लापशीवर काढावे लागले. पुढे यावरचं तिचं 'वाइल्ड' हे पुस्तक जगभर खपलं, त्यावर सिनेमाही आला. पण त्या लापशीची आठवण वाटेवर चालणारे अजून काढतात, पुस्तकाची नंतर.

साखळीतला एक दुवा सुटला तर बादली असून उपयोग नाही. २०२०च्या सप्टेंबरात याच भागात क्रीक फायर पेटला. जलाशयांकाठी अडकलेल्या शेकडो लोकांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. पुढच्याच वर्षी ३१ ऑगस्टला आगीच्या भीतीने कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी राष्ट्रीय वनं पंधरा दिवसांसाठी बंद झाली. बादलीवरच्या तारखेला तेव्हा काही अर्थ उरला नाही. तारीख बदलणंही सोपं नाही, कारण ती परवान्याला बांधलेली असते. योसेमिटीतून डोनह्यू खिंडीमार्गे दक्षिणेला जाणाऱ्यांची मर्यादा रोज ४५ माणसांची, त्यासाठी लॉटरी. लॉटरीने दिलेल्या दिवशी निघायचं, आणि अकराव्या दिवशी भूक कुठे लागेल ते घरी बसून ठरवायचं.

म्यूरची भाकरी

ज्याच्या नावाची ही वाट, तो स्वतः असलं काही करत नसे. वाळका पाव आणि चहा खिशात टाकून म्यूर दिवसच्या दिवस डोंगरात हिंडे, ही त्याची ख्याती. पण पुरवठा चुकला की काय होतं हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. १८६९च्या उन्हाळ्यात तो डिलेनी नावाच्या मेंढपाळ मालकाचा कळप घेऊन सिएरात चढला. मालक खालून पीठ घेऊन येणार होता. तो वेळेवर आला नाही. तंबूत पीठ संपलं. उरलं मेंढीचं मांस आणि चहा. १९११ साली छापलेल्या त्याच्या रोजनिशीवजा पुस्तकात या पावाच्या दुष्काळावर एक आख्खं प्रकरण आहे. चारी बाजूंना हजारो मेंढ्या, आणि माणसं पावाच्या तुकड्यासाठी व्याकूळ. मेंढराला गवत मिळतं, अस्वलाला मुंग्या. माणसाला मात्र खालून येणारी पिशवी लागते, हे म्यूरला तेव्हा टोचलेलं दिसतं.

त्यानंतरच्या काळात या पिशवीचे अनेक प्रयोग झाले. कॉलिन फ्लेचर १९६३ साली ग्रँड कॅन्यनच्या आतून एकटा चालत गेला तेव्हा त्याने काही शिधा आधीच डब्यांतून जागोजागी लपवला होता आणि काही विमानातून टाकून घेतला. आज राष्ट्रीय उद्यानांच्या रानात असं अन्न पुरून ठेवणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. त्याच्या अगदी उलट एमा गेटवुड. ही सदुसष्ट वर्षांची आजीबाई १९५५ साली अपलाचियन ट्रेल पुरी चालली, तंबूशिवाय, घरी शिवलेली एक झोळी खांद्यावर टाकून. झोळीत बेदाणे, शेंगदाणे आणि डबाबंद सॉसेज. संपलं की वाटेवरच्या घराचं दार ठोठावायची. परिक्रमावासीयाला तिची रीत समजावून सांगावी लागली नसती.

शनिवार दुपार

म्यूर ट्रेल ज्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या पोटात बरीचशी मावते, ती मेक्सिकोच्या सरहद्दीवरून कॅनडापर्यंत ४,२६५ किलोमीटर जाते. चार-पाच महिन्यांचं काम. तिथे बादल्यांचं गणित वेगळंच होतं. पहिल्यांदा निघणारे उत्साहाने पंचवीस-तीस खोकी घरी भरून ठेवतात. भाऊ नाहीतर आई ती एकेक करून पोस्टात टाकते. अमेरिकन टपालखात्याची 'जनरल डिलिव्हरी' नावाची जुनी सोय इथे अजून जिवंत आहे. नाव, गाव आणि पिनकोड लिहिला की पोस्टमास्तर खोकं साधारण तीस दिवस ठेवून घेतो.

फक्त पोस्ट उघडं असायला हवं. छोट्या गावातलं पोस्ट दिवसातून काही तासच उघडतं, आणि शनिवारी दुपारी पोचलेल्या माणसाची सोमवार सकाळपर्यंत कोंडी होते. तोवर तो त्याच गावातल्या दुकानातून, खोक्यात जे आहे तेच विकत घेऊन खातो. म्हणून दुसऱ्यांदा चालणारे खोकी फारशी भरत नाहीत. गाव आलं की तिथेच खरेदी. पोस्टावर भिस्त ठेवायची ती जिथे दुकानच धड नाही अशा मोजक्या ठिकाणी. एक केनेडी मेडोज, ७०२व्या मैलावर, वाळवंट संपून सिएरा सुरू होतं तिथे. उत्तरेला जाणारे इथे अस्वलाचा डबा ताब्यात घेतात. दुकानाच्या ओट्यावर आधी पोचलेली मंडळी नव्याने आलेल्या प्रत्येकाचं टाळ्या वाजवून स्वागत करतात. दुसरं स्टेहेकिन, कॅनडाच्या अलीकडचं शेवटचं गाव. ऐंशी किलोमीटर लांब शेलॅन तलावाच्या टोकाला, बाहेरून येणारा एकही रस्ता नसलेलं. माणसं, टपाल, बटाटे, सगळं होडीने येतं. गावातल्या बेकरीच्या दालचिनी रोलची स्वप्नं लोक दोनशे मैल आधीपासून बघतात, आणि हे अतिशयोक्त वाटत असेल तर दोन महिने चालून पाहावं.

ही भूक सुरुवातीला लागत नाही. पहिले तीन-चार दिवस उंचीमुळे अन्नावर वासनाच नसते. घरून हौसेने भरलेलं तसंच राहतं. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी पोटातलं कवाड उघडतं आणि मग बंद होत नाही. जुने लोक म्हणून पहिला शिधा हलका आणि शेवटचा जड भरतात. नवे बरोबर उलट करतात. गोडाचंही तसंच, सहाव्या दिवशी चॉकलेट नको होतं आणि माणूस मीठ, तिखट, आंबट शोधू लागतो. नाशिकच्या बाईंनी कोणाला न विचारता बादलीच्या तळाशी लसणाची चटणी आणि लिंबाच्या लोणच्याचं छोटं पाकीट सरकवलं होतं. ते कोणत्याच यादीत नव्हतं.

उरलेल्याची पिंपं

रँचवरच्या शेडशेजारी आणखी बादल्या आहेत, नावं-तारखा नसलेल्या. जास्तीचं तिथे टाकायचं, हवं ते तिथून घ्यायचं, फुकट. वर चिठ्ठ्या आहेत, नाश्ता वेगळा, जेवण वेगळं, औषधपाणी वेगळं. पॅसिफिक क्रेस्टवर अशा खोक्याला हायकर बॉक्स म्हणतात. अमुक माणूस फक्त हायकर बॉक्सवर कॅनडापर्यंत गेला, असं प्रत्येकाने कोणाबद्दल तरी ऐकलेलं असतं.

नाश्त्याची बादली गच्च भरलेली आहे. ओट्स. साधे, मेपलचे, सफरचंद-दालचिनीचे. म्हणजे सनीव्हेलच्या स्वयंपाकघरात एकटाच माणूस चुकत नव्हता. त्याने आपली सात पाकिटं त्यांवर रचली, दोन ठेवली. मग मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत दोघं डबे भरायला बसले. पिठलं खाली, वरणाची भुकटी बाजूने, लाडू चुरगळून फटींत, कुटलेली चकली सगळ्यांत वर. झाकण बसेना. काढलं, टूथपेस्ट आडवी केली, पुन्हा दाबलं. तिने वर गुडघा टेकला. बसलं.

बाहेर राहिली तुपाची बाटली. अर्ध्याहून जास्त भरलेली.

"टाकून द्यायचं?" त्याने विचारलं.

ती उठली आणि फुकटच्या बादल्यांतून मैद्याच्या टॉर्टियांचं कोणीतरी टाकलेलं पाकीट घेऊन आली. कॉफीच्या बादलीत साखरेच्या पुड्या मिळाल्या. टॉर्टियावर तूप, वर साखर, गुंडाळी. शाळेच्या मधल्या सुट्टीतली तूप-साखर पोळी जशी लागायची तशीच ही लागली, फक्त पोळी जरा चिवट. समोरच्या बाकावर पायाच्या फोडांना टेप लावत बसलेला एक दाढीवाला बराच वेळ बघत होता. तिने एक त्याच्याकडे सरकवली. त्याने घास घेतला, थांबला, बाटलीवरचं लेबल वाचायचा प्रयत्न केला, मग काही न बोलता दुसरीसाठी हात पुढे केला. बाटली रिकामी व्हायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत.